विश्लेषण : व्हिडिओ गेममध्ये नायिका ‘परवडत’ का नाही? अडचण तंत्राची की निर्णयाची?

मार्च २०२५ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ हा गेम बाजारात आला. तोपर्यंत त्याच्यावरून दहा महिने वाद झडून गेला होता. सोळाव्या शतकातल्या जपानमध्ये घडणाऱ्या या गेममध्ये दोन प्रमुख पात्रे आहेत : नाओए ही जपानी तरुणी आणि यासुके हा आफ्रिकी योद्धा. जपानच्या गोष्टीत कृष्णवर्णीय सामुराई कशाला, असा विरोधकांचा सवाल होता. गंमत म्हणजे, गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीला २०१४ मध्ये नेमका उलटा प्रश्न विचारला गेला होता : तुमच्या गेममध्ये खेळायला एकही स्त्रीपात्र का नाही? त्या वेळी कंपनीने तांत्रिक कारण पुढे केले होते. ते कारण कितपत खरे होते? आणि गेममध्ये कोण दिसणार, हे प्रत्यक्षात कुठे ठरते?

‘८ हजार ॲनिमेशन’चा वाद काय होता?

जून २०१४ मध्ये लॉस एंजेलिसमधील ‘ई-३’ या गेमिंग मेळाव्यात युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ सादर केला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या या गेममध्ये चार जण एकत्र खेळू शकत होते, पण चारही पात्रे पुरुष होती. स्त्रीपात्राबद्दल विचारणा झाली, तेव्हा गेमचे क्रिएटिव्ह डायरेक्टर ॲलेक्स अमान्सिओ यांनी कारण दिले ते वाढत्या कामाचे. ॲनिमेशन दुप्पट, आवाज दुप्पट, कपडे आणि इतर चित्रेही दुप्पट लागली असती, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीच्या आणखी एका अधिकाऱ्याने तर आकडाच सांगितला. ८ हजारांहून अधिक ॲनिमेशन वेगळ्या सांगाड्यावर पुन्हा करावी लागली असती, असा तो अंदाज होता.

या दाव्याला उत्तर आले ते एका ॲनिमेटरकडूनच. याच मालिकेतल्या ‘असॅसिन्स क्रीड ३’वर काम केलेल्या जोनाथन कूपर यांनी ट्विटरवर लिहिले, की आपल्या अंदाजाने हे काम एक-दोन दिवसांचे आहे. त्यांनी उदाहरणही दिले. २०१२ मध्ये आलेल्या ‘लिबरेशन’ची नायिका ॲव्हलिन ही याच मालिकेतली. तिच्या हालचाली कॉनर या पुरुष नायकाशी जितक्या जुळतात, तितक्या त्याच्यानंतर आलेल्या एडवर्ड या दुसऱ्या पुरुष नायकाच्याही जुळत नाहीत, असे कूपर यांनी निदर्शनास आणले. म्हणजे हेच काम कंपनीने दोन वर्षांपूर्वी केलेले होते. ‘बायका ॲनिमेट करायला फार अवघड’ अशा अर्थाचा उपरोधिक हॅशटॅग तेव्हा ट्विटरवर गाजला.

एका पात्रामागे तांत्रिक काम किती?

गेममधल्या पात्राच्या आत हाडांचा एक डिजिटल सांगाडा असतो. बाहेर दिसणारे शरीर, चेहरा, कपडे हा त्यावर चढवलेला पापुद्रा. पात्र धावते, उडी मारते, तलवार उपसते, तेव्हा सॉफ्टवेअर प्रत्यक्षात एवढेच करते : कोणत्या क्षणी कोणता सांधा किती अंशांत वळला, याची साठवलेली नोंद सांगाड्याला लावते. ही नोंद एका सांगाड्यावरून वेगळ्या मापाच्या दुसऱ्या सांगाड्यावर नेता येते. या प्रक्रियेला ‘रीटार्गेटिंग’ म्हणतात. गेम उद्योगात ती रोजच्या वापरातली आहे.

अर्थात, त्यानंतर हात झटकून मोकळे होता येत नाही. खांदे अरुंद झाले की हातातली बंदूक छातीत घुसते. उंची बदलली की भिंतीची कड पकडताना बोटे हवेत राहतात. लांब केस, वेगळे कपडे, संवादांचे नवे ध्वनिमुद्रण आणि या सगळ्याची चाचणी, हा खर्च खरा आहे. ‘मास इफेक्ट’ मालिकेतल्या शेपर्ड या नायिकेला पुरुष शेपर्डच्याच हालचाली दिल्या गेल्या होत्या. परिणामी आखूड ड्रेस घालूनही ती पुरुषासारखी पाय फाकवून बसते, यावर खेळाडूंनी भरपूर विनोद केले. पण ती गेममध्ये होती आणि जेनिफर हेल यांच्या आवाजामुळे अनेकांची लाडकीही झाली.

दुसरे उदाहरण फुटबॉलचे. ‘युनिटी’च्या वादानंतर वर्षभरात, २०१५ मध्ये ‘फिफा १६’ आला आणि त्यात प्रथमच १२ देशांचे महिला संघ होते. धावण्याची ढब, शरीराची प्रमाणे, केसांची हालचाल यांवर ईए कंपनीने स्वतंत्र काम केले होते. क्रिकेटमध्ये २०१७ च्या ‘ॲशेस क्रिकेट’मध्ये महिला संघ आले. खुद्द युबिसॉफ्टनेही २०१५ मध्येच ‘सिंडिकेट’मध्ये ईव्ही फ्राय ही नायिका आणली. वर्षभरापूर्वी न परवडणारी गोष्ट आता परवडली, कारण या वेळी ती आराखड्यात सुरुवातीपासून होती. इमारत उभी राहिल्यावर लिफ्टची जागा शोधायला गेले तर खर्च अफाट वाढतो. तोच नियम इथेही लागू होतो.

मग निर्णय कोण घेत होते?

याचे उत्तर सहा वर्षांनी मिळाले. जुलै २०२० मध्ये ‘ब्लूमबर्ग’ने युबिसॉफ्टच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलून एक वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यानुसार ‘सिंडिकेट’मध्ये ईव्ही आणि तिचा भाऊ जेकब यांना सारखे स्थान द्यायचे ठरले होते, पण अंतिम गेममध्ये जेकबचा वाटा मोठा झाला. ‘ओरिजिन्स’मध्ये (२०१७) नायक बायेक सुरुवातीलाच बाजूला होऊन त्याची पत्नी आया कथा पुढे नेणार होती, पण तिची भूमिका हळूहळू कापली गेली. ‘ओडिसी’मध्ये (२०१८) कॅसँड्रा ही एकटीच नायिका असावी, असा प्रस्ताव होता. तो मान्य झाला नाही आणि ॲलेक्सिऑस हा पुरुष पर्याय द्यावा लागला. स्त्री नायिका असलेला गेम खपत नाही, असे मार्केटिंग विभाग आणि तत्कालीन मुख्य क्रिएटिव्ह अधिकारी सर्ज हास्कोए यांचे मत होते, असे या वृत्तांतात म्हटले होते.

हास्कोए यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. कंपनीतील छळाच्या तक्रारींचे प्रकरण पुढे न्यायालयात गेले. जुलै २०२५ मध्ये फ्रान्समधील बोबिनी येथील न्यायालयाने हास्कोए यांच्यासह तीन माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवून स्थगित कारावासाची शिक्षा सुनावली. हा खटला गेममधल्या पात्रांबद्दल नव्हता, स्टुडिओत माणसांना मिळालेल्या वागणुकीबद्दल होता. पण पडद्यावर कोणती स्त्री दिसावी हे ठरवणाऱ्या खोलीतले वातावरण कसे होते, हे त्यातून उघड झाले.

हा अनुभव एका कंपनीपुरता नव्हता. २०१३ चा ‘रिमेंबर मी’ हा गेम बनवणाऱ्या डोन्टनॉड स्टुडिओनेही, मुख्य पात्र स्त्री असल्यामुळे अनेक प्रकाशकांनी नकार दिल्याचे जाहीरपणे सांगितले होते.

आकडेवारी काय सांगते?

अमेरिकेतील संशोधकांनी २००९ मध्ये १५० गेमच्या पात्रांची एक प्रकारची जनगणनाच प्रसिद्ध केली. गेमच्या खपानुसार वजन देऊन पाहिले असता सुमारे ८५ टक्के पात्रे पुरुष आणि सुमारे ८० टक्के श्वेतवर्णीय आढळली. लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक, मूळ अमेरिकी रहिवासी, मुले आणि वृद्ध हे सगळेच अमेरिकेच्या लोकसंख्येतील प्रमाणाच्या तुलनेत कमी दिसत होते.

पात्र दिसते, पण बोलते किती? ग्लासगो आणि कार्डिफ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ५० रोल-प्लेइंग गेमचे संवाद तपासले. स्त्रीपात्रांच्या वाट्याला जेमतेम ३५ टक्के शब्द आले होते. ९४ टक्के गेममध्ये पुरुषांचे संवाद जास्त होते आणि त्यांत स्त्रिया नायिका असलेले गेमही होते.

कंपन्यांच्या बाजूनेही एक आकडा सांगितला जातो. निवड दिली तरी बहुतेक खेळाडू पुरुषच निवडतात, असा त्यांचा युक्तिवाद. ‘मास इफेक्ट ३’मध्ये फक्त १८ टक्के खेळाडूंनी स्त्री शेपर्ड निवडली होती, हे खरे आहे. पण पहिल्या दोन भागांच्या वेष्टनावर आणि जाहिरातीत पुरुष शेपर्डच मिरवत होता. २०२१ मध्ये ही मालिका नव्या रूपात आली, तेव्हा हेच प्रमाण ३२ टक्क्यांवर गेले. आवड बदलते आणि ती समोर काय मांडले जाते, यावरही अवलंबून असते.

त्वचा आणि केसांचा प्रश्न वेगळा कसा?

वर्णाच्या बाबतीत निर्णय आणखी खोलवर, थेट सॉफ्टवेअरमध्ये मुरलेला आहे. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवले की ते लालसर उजळते. प्रकाश त्वचेत शिरून आत विखुरतो आणि बाहेर पडतो, म्हणून असे होते. संगणकावर जिवंत वाटणारा चेहरा बनवण्यासाठी हाच परिणाम गणिताने साधला जातो. त्याला ‘सबसरफेस स्कॅटरिंग’ म्हणतात. येल विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ थिओडोर किम यांनी २०२० मध्ये यावर बोट ठेवले. हा अर्धपारदर्शकपणा प्रामुख्याने गोऱ्या त्वचेत उठून दिसतो. गडद त्वचेत पृष्ठभागावरची चमक अधिक महत्त्वाची असते. मात्र संशोधनाचा भर पहिल्यावर राहिला आणि ‘मानवी त्वचा’ या नावाखाली गोरी त्वचाच शिकवली गेली, असे त्यांचे म्हणणे आहे.

केसांचेही तेच. सरळ किंवा हलके लहरी केस हा नमुना धरून साधने तयार झाली. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे घट्ट वळणांचे केस ही भूमितीच्या दृष्टीने वेगळी गोष्ट आहे. त्यामुळे गेममधल्या कृष्णवर्णीय पात्रांच्या वाट्याला वर्षानुवर्षे तेच ते चार-दोन प्रकार आले : टक्कल, गोलाकार ‘आफ्रो’, वेण्या. कलाकार आणि प्राध्यापक ए. एम. डार्क यांनी अशा केसांच्या त्रिमितीय नमुन्यांचा खुला संग्रह उभा केला. किम, डार्क आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये घट्ट कुरळ्या केसांसाठी स्वतंत्र गणिती पद्धती मांडल्या. ‘द सिम्स ४’मध्ये गडद त्वचा राखट आणि डागाळलेली दिसते, अशी कृष्णवर्णीय खेळाडूंची जुनी तक्रार होती. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने १०० हून अधिक नव्या त्वचाछटा दिल्या. गेम २०१४ चा होता. दुरुस्तीला सहा वर्षे लागली.

यासुके खरा होता का?

होता. इटालियन जेझुइट धर्मगुरू अलेस्सांद्रो वालिन्यानो १५७९ मध्ये जपानला पोहोचले, तेव्हा तो त्यांच्या सोबत होता. हे वालिन्यानो १५७४ मध्ये गोव्यात उतरले होते आणि पुढे मलाक्का, मकाऊमार्गे जपानला गेले. १५८१ मध्ये यासुके ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराच्या सेवेत आला. नोबुनागाच्या चरित्रग्रंथाच्या एका प्रतीत त्याला घर, वेतन आणि लहान तलवार दिल्याचा उल्लेख आहे. १५८२ मध्ये नोबुनागाचा शेवट झाला, त्या लढाईतही यासुके होता. त्यानंतर त्याचा माग लागत नाही. त्याला ‘सामुराई’ म्हणावे का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

महाराष्ट्राला ही गोष्ट अनोळखी वाटू नये. हिंदी महासागराच्या व्यापारमार्गांनी आफ्रिकेतून माणसे आशियाभर नेली गेली, त्याच शतकात इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर गुलाम म्हणून दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. जंजिऱ्याचे सिद्दी याच इतिहासाचा भाग आहेत.

यासुके गेममध्येही नवा नव्हता. कोएई टेक्मो या जपानी कंपनीच्या ‘निओह’ (२०१७) आणि ‘सामुराई वॉरियर्स ५’मध्ये (२०२१) तो आलेला होता. तेव्हा एवढा गदारोळ झाला नाही. तिथे तो प्रतिस्पर्धी किंवा अनेकांतला एक होता. मोठ्या बजेटच्या गेमचा नायक झाल्यावर मात्र तो वादाचा विषय ठरला.

सगळेच आक्षेप वर्णद्वेषी होते का?

नाही. जपानमधल्या काही तक्रारी वेगळ्या आणि रास्त होत्या. इतिहासाचे पुनर्दर्शन घडवणाऱ्या एका जपानी गटाचा ध्वज कंपनीने परवानगीशिवाय चित्रात वापरला होता. जुलै २०२४ मध्ये युबिसॉफ्टने माफी मागितली आणि यासुकेचे सामुराईपण वादाचा विषय असल्याचेही मान्य केले. गेमशी संबंधित एका शोभेच्या मूर्तीत एकाच खांबावर उभी तोरी कमान होती. नागासाकीत अणुबॉम्बनंतर उरलेल्या कमानीशी तिचे साम्य असल्याने ती मूर्ती मागे घ्यावी लागली. गेममध्ये शिंतो मंदिरातल्या वस्तूंची मोडतोड करता येत असल्याचा मुद्दा मार्च २०२५ मध्ये जपानच्या संसदेतही आला आणि तत्कालीन पंतप्रधान शिगेरू इशिबा यांनी मंदिरांची विटंबना अमान्य असल्याचे सांगितले. कंपनीने पहिल्याच दिवशीच्या अपडेटमध्ये मंदिरातल्या त्या वस्तू न फुटणाऱ्या केल्या.

हे आक्षेप दुरुस्त करता येण्याजोगे होते आणि ते दुरुस्त झालेही. कृष्णवर्णीय नायक असूच नये, ही मागणी त्या प्रकारात बसत नाही. मात्र समाजमाध्यमांवर दोन्हींची सरमिसळ झाली. २०१४ च्या ‘गेमरगेट’ मोहिमेतही हेच घडले होते. गेम पत्रकारितेच्या नीतिमत्तेची भाषा पुढे होती आणि तिच्याआड गेम बनवणाऱ्या, त्यावर लिहिणाऱ्या स्त्रियांना बलात्काराच्या, खुनाच्या धमक्या दिल्या जात होत्या. गेममधल्या स्त्रीप्रतिमांवर व्हिडिओ मालिका करणाऱ्या अनिता सार्कीशियन यांना ऑक्टोबर २०१४ मध्ये गोळीबाराच्या धमकीनंतर अमेरिकेतील युटा राज्यातल्या विद्यापीठातले व्याख्यान रद्द करावे लागले.

चेहरा मिळाला, पण आवाज कोणाचा?

२०१७ चा ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ भारतात, पश्चिम घाटात घडतो. नायिका दोन : भारतीय वडिलांची मुलगी क्लोई आणि दक्षिण आफ्रिकेची कृष्णवर्णीय नदीन. मोठ्या बजेटच्या गेमसाठी ही निवड दुर्मीळ होती. मात्र दोघींनाही आवाज दिला तो श्वेतवर्णीय अभिनेत्रींनी. त्यावर टीका झाली. पात्राचा वर्ण बदलला तरी त्यामागे काम मिळालेली माणसे तीच राहिली, तर बदल निम्माच होतो, हा त्या टीकेचा रोख होता.

भारताचा संबंध किती?

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. सर्कशीत वाढलेली राजी ही मुलगी भावाच्या शोधात असुरांशी लढते. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरीही गेम पूर्ण झाला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोहोचला. मोठ्या कंपनीला न परवडणारी नायिका पैशांची ओढाताण असलेल्या स्टुडिओला परवडली, कारण त्यांची गोष्टच तिची होती.

युबिसॉफ्टचे स्टुडिओ पुणे आणि मुंबईतही आहेत. इथले अभियंते, ॲनिमेटर आणि टेस्टर जगभरच्या गेमवर काम करतात. दुसरीकडे, याच शहरांतल्या अनेक मुली ऑनलाइन गेममध्ये माइक बंद ठेवून खेळतात, कारण बाईचा आवाज ऐकू आला की शेरेबाजी सुरू होते. पडद्यावर कोण दिसते याचा प्रश्न त्यामुळे शोभेचा राहत नाही. खेळण्याची जागा कोणाची मानली जाते, हे त्यातून ठरते.

खपावर परिणाम होतो का?

‘शॅडोज’ खेळणाऱ्यांची संख्या पहिल्या दोन दिवसांत २० लाखांवर गेल्याचे युबिसॉफ्टने जाहीर केले. खेळाडू म्हणजे विक्री नव्हे, कारण मासिक वर्गणी भरून खेळणारेही त्यात येतात. त्यामुळे या आकड्यावरून नायकाच्या वर्णामुळे गेम चालला किंवा पडला, असे दोन्ही बाजूंना म्हणता येणार नाही. गेमचा खप किंमत, दर्जा, स्पर्धा आणि प्रसिद्धी अशा अनेक गोष्टींवर ठरतो. ‘बाई खपत नाही’ हा निष्कर्षही असाच होता. तिच्या गेमला संधी, पैसा आणि जाहिरात कमी द्यायची आणि मग कमी खपाचा दाखला द्यायचा, हे चक्र उद्योगानेच फिरवत ठेवले.

म्हणून पुढच्या वेळी एखादी कंपनी ‘तांत्रिक अडचण’ सांगेल, तेव्हा अडचण काय होती यापेक्षा ते पात्र आराखड्यात कधी आले, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरेल. पहिल्या बैठकीत असेल तर त्याची हाडे, केस, आवाज आणि त्वचा यांचा खर्च अंदाजपत्रकात आपोआप येतो. शेवटच्या तिमाहीत आठवण झाली, तर ८ हजारांचा आकडा तयार असतोच.